खड्ड्याची तहान

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणाला काय काय बोलले ते वाचताना धक्का बसायला नको. माझं माहेर वाई, सासर सांगली, आणि काम सोनोग्राफीची मशिनं दुरुस्त करायचं. अठरा वर्षं झाली, तरी नव्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "इंजिनिअर कुठायत?" मी अवजारांची बॅग टेबलावर आदळते आणि म्हणते, "हे काय, आलेत."

कवठे महांकाळच्या त्या दवाखान्यात मात्र असं कुणी विचारत नाही. बाळंतपणाचा छोटा दवाखाना आहे, डॉक्टर पन्नाशीच्या, एकहाती चालवतात. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला "अगं" म्हणतात. त्यांचं मशीन बसवलं तेव्हापासून माझ्याकडेच आहे. वर्षातून दोनदा मी जाते, झाडते-पुसते, तपासते, कागदावर बरोबरच्या खुणा करते, मॅडमच्या खोलीत चहा पिते आणि दुपारच्या एसटीने सांगलीला परत. दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून मेजर बसलेले असतात. आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो साधा जवान म्हणून घरी आलेला का असेना. हे मेजर तिथले वॉचमन. मिशा पांढऱ्या, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं मोजून मापून. मी आले की "या ताई", निघाले की "जावा ताई". आठ शब्दांत वर्ष काढणारा माणूस.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी मॅडमचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"अगं, तुझं मशीन परत बरळायला लागलंय. आणि आज ते एका बाईच्या बाळाच्या काळजावर बरळलंय."

"परत" हा शब्द मला झोंबला. कारण दहाच दिवसांपूर्वी मी तिथे जाऊन आले होते. तेव्हाही हीच तक्रार होती. पडद्यावर मधूनच पांढऱ्या रेघा येतात, केस विस्कटल्यासारख्या, आणि रक्ताचा प्रवाह बघायला रंग चालू केला की सगळीकडे लाल-निळे ठिपके उधळतात. मी गेले तर मशीन अगदी शहाण्यासारखं. दवाखान्याची पायरी चढली की पोराचा ताप उतरतो ना, तसं. तीन तास बसले, एक रेघ दिसली नाही. पोटावर फिरवायचा प्रोब बदलून पाहिला, वायरी हलवून पाहिल्या. शेवटी वैतागून मॅडमना सांगितलं, "पेशंटचे मोबाईल बाहेर ठेवायला लावा," आणि निघून आले. इंजिनिअरला काही सापडलं नाही की तो मोबाईलवर ढकलतो, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे.

मग मॅडमनी सगळं सांगितलं. सहावा महिना लागलेली एक बाई तपासायला आली होती. तिचं गेल्या खेपेचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं होतं. काळजाला भोक होतं म्हणून. या खेपेला मॅडम मुद्दाम काळीज नीट बघत होत्या. काळजाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये एक भिंत असते. भिंत अखंड असली तर रंग अलीकडचा अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे राहतो. मॅडमना भिंतीतून रंग आरपार जाताना दिसला. पण त्याच वेळी सगळ्या पडद्यावरच ठिपके उधळले होते. मग तो रंग बाळाचा का मशीनचा?

"मी तिला खोटं कसं सांगू?" मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, बाई, मला नीट दिसत नाही. मिरजेला बाळाच्या काळजाचे तज्ज्ञ आहेत, त्यांची सोमवारची वेळ घेतलीय. आज गुरुवार. सोमवारपर्यंत ती पोरगी घास खाणार नाही गं. उद्या तिला परत बोलावलंय. तू सकाळी ये, आणि मशीन सुधारल्याशिवाय जायचं नाव काढू नकोस."

दुसरं कुठलं यंत्र असतं तर मी ते गाडीत घालून सांगलीला आणलं असतं, किंवा तात्पुरतं दुसरं नेऊन ठेवलं असतं. सोनोग्राफीचं तसं नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याने ते नोंदवलेल्या जागेवरून असं उचलता येत नाही आणि दुसरंही असंच आणून ठेवता येत नाही. जे काय करायचं ते तिथेच, त्याच खोलीत.

शुक्रवारी सकाळी नऊला पोचले तर बाकावर त्या दोघी आधीच बसलेल्या. ती पोरगी जेमतेम चोवीस-पंचविशीची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत बसलेली. शेजारी सासू, अंगाने काटक, मांडीवर भाकरीचं फडकं आणि हातात पाण्याची बाटली. माझी बॅग बघून सासूने ओळखलं.

"तुमीच व्हय त्ये मशीनवाल्या बाई? व्हईल न्हवं नीट?"

"होईल मावशी. त्यासाठीच आलेय."

"न्हाई, लेक सारखा फोन करतुया. फौजेत हाय, लांब तिकडं बर्फात. त्याला काय सांगू? सांगितलं, मशीन बिघडलंया रं. तर म्हणतुया, आये, खरं सांग, मशीन बिघडलंय का बाळ?"

मी बॅग उचलली आणि सरळ आत गेले.

मशीन चालू केलं. स्वच्छ चित्र! मला इतका संताप आला की मशीनच्या बुडाला एक चापट मारली. मॅडम म्हणाल्या, "मार, मार. मलाही कालपासून मारावंसं वाटतंय." मग दहाच्या सुमारास वीज गेली. इन्व्हर्टरवर दवाखाना चालू राहिला. अर्ध्या तासाने वीज आली आणि काय सांगू, पडद्यावर पांढरे केस भराभरा उगवले. मी टाळीच वाजवली. रोग दिसला म्हणून आनंद होणारे जगात दोनच, एक आम्ही आणि एक डॉक्टर.

आता चोर शोधायचा. मी सगळा दवाखाना एकेक करून बंद करायला घेतला. एसी बंद केला, केस थोडे कमी झाले. ट्यूबलाइट बंद केल्या, आणखी थोडे कमी. बाहेरचा टीव्ही, औषधांचा फ्रीज, सगळं बंद. वीज जाऊन आल्यामुळे इन्व्हर्टर बॅटऱ्या भरत होता, तो बंद केला तर बरेच कमी झाले, पण गेले नाहीत. तेवढ्यात भिंतीपलीकडून घर्रर्र आवाज यायला लागला. शेजारी पिठाची गिरणी! म्हटलं, सापडला. एवढी मोठी मोटर भिंतीला भिंत लावून, हीच ती.

मी तरातरा गिरणीत गेले. गिरणीवाला भुवयांपर्यंत पिठाने पांढरा झालेला.

"जरा दहा मिनिटं गिरणी बंद करा."

"का?"

"तुमच्या मोटरीमुळे आमचं मशीन बिघडतंय."

"आँ? तुमचं यंतर बिघडलं का माझी गिरणीच दिसती व्हय? बारा वर्सं झाली, गिरणी हितंच हाय. आत्ताच बरी बाधली?"

"बारा वर्षं बारा वर्षं काय लावलंय? बंद करा म्हटलं ना!"

मी ओरडले हे खरं आहे. रांगेतल्या दोन बायका डबे घेऊन मागे सरकल्या. गिरणीवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, पट्टा उतरवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी धावत आत आले. पडद्यावर केस जसेच्या तसे. एक केसही हलला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? परत जाऊन "चालू करा, तुमचं नाही" असं सांगताना माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. तो म्हणाला, "झालं समाधान?" आणि पट्टा चढवला.

पुण्याच्या वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "आतला बोर्ड गेला असेल, बदलून टाका." बोर्ड यायला आठ दिवस. मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला. खोलीच्या दारातून बाकडं दिसत होतं. सासूने भाकरीचं फडकं सोडलं, सुनेपुढे धरलं, सुनेने मान हलवली, सासूने फडकं परत बांधलं. दोघींपैकी कुणीच खाल्लं नाही. आणि मला माझीच लाज वाटली. म्हटलं, बयो, ओरडायचं बंद कर आणि डोकं चालव.

खाली फरशीवर मांडी घालून बसले आणि विचार केला. एसीने थोडे कमी झाले, ट्यूबने थोडे, इन्व्हर्टरने बरेच. म्हणजे चोर एक नाही, सगळेच थोडे थोडे. पण ही सगळी उपकरणं तर पाच-सहा वर्षांपासून इथेच आहेत. घरात दहा माणसं आंघोळ करतात, पाणी मोरीतून निघून जातं, कुणाला पत्ताही लागत नाही. एक दिवस मोरी तुंबते आणि पाणी स्वयंपाकघरात. यात आंघोळ करणाऱ्यांचा काय दोष? विजेच्या उपकरणांचंही असंच असतं. प्रत्येकजण थोडा थोडा विजेचा कचरा टाकतो, आणि तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो. मोरी तुंबली असेल तर तो कचरा जाणार कुठे? सगळ्यात नाजूक कानाचं जे यंत्र असेल त्याच्यात घुसणार. एरवी थोडा थोडा झिरपत असेल, पण वीज जाऊन आली आणि इन्व्हर्टर बॅटऱ्या भरायला लागला की मोरी भरून वाहणार.

मीटर काढला आणि प्लगच्या भोकांत घातला. चांगल्या अर्थिंगला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एक, फार तर दोन व्होल्ट दिसावेत. माझ्या मीटरवर सव्वीस.

सव्वीस! बॅगेतून माझाच जुना कागद काढला, फेब्रुवारीतल्या भेटीचा. त्यावर माझ्याच अक्षरात, "अर्थिंग ठीक." पुढे बरोबरची खूण. मोजलं होतं का? नव्हतं. दरवेळी ठीक असतं म्हणून याही वेळी ठीक. गिरणीवाल्यावर ओरडायला मात्र मी सगळ्यात पुढे.

"मॅडम, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

"कसला खड्डा?" मॅडम म्हणाल्या. "इमारत बांधली तेव्हा वायरमनने काय पुरलं ते त्यालाच ठाऊक. मेजरना विचार, त्यांना इथली वीट न् वीट माहीत आहे."

मी मेजरपुढे जाऊन उभी राहिले. "मेजर, दवाखान्याचं अर्थिंग कुठे पुरलंय, माहिती आहे?"

मेजर खुर्चीतून उठले. माझ्याकडे नाही, समोर बघत म्हणाले, "हाय म्हाईत." आणि चालायला लागले. मी मागोमाग. दवाखान्याला वळसा घालून मागच्या बाजूला आलो. मॅडमच्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला लागून जमिनीतून वीतभर लोखंडी नळी वर आलेली, तिच्या तोंडावर पत्र्याचं नरसाळं. नरसाळ्यात कोळ्याने जाळं विणलेलं. आजूबाजूची माती भेगाळलेली. काठी घातली तर फटीत हातभर खाली गेली.

मी त्या नरसाळ्याकडे बघितलं, मग वर खिडकीकडे बघितलं आणि मला आठवलं.

फेब्रुवारीत मी याच खिडकीत बसून चहा पीत होते. मॅडम सांगत होत्या, विहीर आत्ताच तळाला गेलीय, यंदा लवकर टँकर बोलवावा लागणार. या तालुक्यात कालव्याचं पाणी काही गावांना आलंय, द्राक्षबागा दिसतात, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं अजून सुटलेलं नाही. इथली माणसं तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घालतात आणि आंघोळीचं गुरांच्या गोठ्याला. सांडलेल्या तेलाचं वाईट वाटत नाही इतकं सांडलेल्या पाण्याचं वाटतं. आणि तेवढ्यात खिडकीखाली मेजर दोन बादल्या घेऊन आले आणि शांतपणे त्या नरसाळ्यात ओतायला लागले. मॅडमचा पारा चढला. "मेजर! बाळंतिणींना आंघोळीला पाणी पुरत नाही आणि तुम्ही खड्ड्यात ओतताय? उद्यापासून बंद म्हणजे बंद!" मेजर म्हणाले, "जी." आणि मी? मी चहाचा घोट घेऊन खिडकीतून वाकून म्हणाले होते, "काय मेजर, खड्ड्याला तहान लागली का?" आणि मॅडम आणि मी दोघी हसलो होतो.

अठरा वर्षं अर्थिंगशी खेळणारी बाई मी. वीज मुरते ती ओल्या मातीत, कोरड्या मातीत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. समोर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी पडताना बघितलं आणि विनोद केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मीच उपडा करून ठेवला होता.

"मेजर," मी म्हटलं, "तुम्हाला माहिती होतं, हे कशासाठी आहे ते?"

"व्हय. फौजेत वायरलेसवर हुतो मी. वाळवंटात तळ पडला की पयलं काम, जमिनीत रॉड ठोकायचा न् त्याला पाणी पाजायचं. त्याबिगर सेटवर नुसता खरखराट. प्यायला पाणी नसलं तरी रॉडला पायजेच. आन् त्येबी नसलं तर मग..." इथे मेजर थांबले. "जाऊ द्या ताई, तुमी बाईमाणूस."

मला हसू फुटलं, त्या सगळ्या लाजेतही फुटलं. "आवं मेजर, मग तेव्हा बोलला का नाही?"

"हुकूम झाला. बंद केलं."

"पण आता पंधरा-वीस दिवस मशीन बिघडलंय, मी दोनदा आले, एक शब्द नाही बोललात!"

मेजरांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मला कुणी इचारलंच न्हाई, ताई. आन् मशीन सुरवातीला बरंच चाललं की. दोन म्हैनं. मला वाटलं, तुमी शिकल्यालं हसलासा, तर नव्या यंतरास्नी पाणी लागत नसंल."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी तिथेच त्यांना हात जोडले. म्हटलं, "चुकलं माझं." मेजर गडबडले, म्हणाले, "आवं आवं, ह्ये काय," आणि जाळं काढायला काठी शोधायला लागले.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. मग म्हणाल्या, "बंद मीच केलं होतं ना."

"आणि हसले मी होते. भांडण नंतर करू, आधी पाणी द्या."

आता पाणी कुठलं द्यायचं? टाकीत वीतभर शिल्लक, टँकर दुसऱ्या दिवशी, आत एक बाई कळा देत होती. मॅडमचा जीव कासावीस झाला. तेवढ्यात मला न्हाणीघरापाशी निळं पिंप दिसलं. पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधून जे खारट पाणी बाहेर पडतं, ते फरशी पुसायला साठवून ठेवलं होतं. मी ओरडले, पण या वेळी आनंदाने. अर्थिंगला गोडं पाणी लागतच नाही, खारट जितकं तितकं बरं! मेजरनी बादल्या घेतल्या. मीठही हवं होतं, जाडं. दुकान लांब. मी नाक मुठीत धरून गिरणीवाल्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो आत गेला, खडेमिठाची अर्धी गोणी खांद्यावर टाकून बाहेर आला.

"घ्या. म्हसरांसाठी ठेवलं हुतं. ह्येनं बी न्हाई झालं तर परत माझ्याच मोटरीवर घ्या नाव."

"घेतेच," मी म्हटलं. दोघंही हसलो.

पहिली बादली ओतली आणि नरसाळ्यातून गडगड आवाज करत पाणी खाली गेलं, दुसरी गेली, तिसरी गेली, तळ म्हणून लागेना. मीठ टाकायचं आणि ओतायचं. मेजर ओतत होते आणि मी आत-बाहेर पळत होते. मीटरवर सव्वीसचे वीस झाले. मग बराच वेळ वीसच. पुन्हा दोन बादल्या. चौदा. सासू बाकावरून उठून कोपऱ्यावर येऊन उभी राहिली, काय चाललंय ते बघत. नऊ. मेजर म्हणाले, "दम धरा ताई, माती सावकाश पिती." तासाभराने सहा, मग चार. पिंप रिकामं झालं तेव्हा मीटरवर दोन व्होल्ट होते.

मी एसी लावला. सगळ्या ट्यूब लावल्या, टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर, जे जे होतं ते सगळं. गिरणी तर चालूच होती. मशीन सुरू केलं, रंग चालू केला. पडदा काळाभोर, स्वच्छ. एक केस नाही, एक ठिपका नाही.

"बोलवा तिला," मी म्हटलं.

मॅडमनी त्या पोरीला विचारून मला खोलीत थांबू दिलं, पुन्हा काही बरळलं तर म्हणून. मी मशीनच्या मागे वायरींवर डोळे लावून उभी. प्रोब सरकण्याचा आवाज, मधूनच बटणाची टिकटिक. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी मनात म्हणत होते, आता मशीन खरं बोलणार. काल खोटं बोललं असेल तर बरं, पण काल खरंच बोललं असेल तर? मी सुधारून ठेवलेल्या यंत्रातूनच तिला ते कळणार. हा विचार तोवर माझ्या मनात आलाच नव्हता.

"भिंत अखंड आहे," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी?"

"म्हणजे भोक नाही बाळा. चारही कप्पे चांगले आहेत. तीनतीनदा बघितलं मी, वेगवेगळ्या बाजूंनी. सोमवारी मिरजेला जायचंच आहे, ते चुकवायचं नाही. पण आता घाबरत जायचं नाही. जेवून जायचं."

ती पोरगी मोठ्याने रडायला लागली, तोंडावर पदर न घेता. मॅडमनीही चष्मा काढून पुसला. माझा तर जीव असा भांड्यात पडला की मी मशीनला टेकून खालीच बसले. सकाळी जिथे चापट मारली होती तिथे हात फिरवला. वेडेपणा, पण फिरवला.

बाहेर सासू फोनवर लेकाला सांगत होती, "काळीज बरं हाय रं! मशीनच बिघडलं हुतं, मशीनच!" तिकडचा आवाज नीट येत नव्हता, तर तिने फोन मेजरच्या हातात दिला. मेजर ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जवान, सब ठीक है. तू अपनी ड्यूटी देख." एवढं बोलून फोन परत दिला आणि पाठ फिरवून नाक शिंकरलं.

दोघींनी तिथेच बाकावर फडकं सोडलं आणि भाकरी खाल्ली. सून बाटलीतलं पाणी प्यायली. सासू घोटभरच प्यायली, झाकण लावलं. मग तिने मेजरना विचारलं, "न्हेमकं झालं काय हुतं वो?" मेजरनी हाताने मागची बाजू दाखवली. "खड्डा वाळला हुता."

मी मागे अवजारं गोळा करत होते. फिल्टरच्या खारट पाण्याची नळी थेट नरसाळ्यात सोडायची, म्हणजे बादलीही नको आणि बोलणीही नकोत, असं मी खिडकीतल्या मॅडमना सांगत होते, आणि त्या म्हणत होत्या, "नळी सोड, पण मेजरनी रोज बघायचं. मेजर म्हणतील तसं." तेवढ्यात सासू कोपऱ्यावरून आली. नरसाळ्यापाशी उकिडवी बसली. बाटलीचं झाकण काढलं आणि उरलेलं सगळं पाणी सावकाश आत ओतलं. धार संपल्यावर बाटली उलटी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबली.

"अहो मावशी, प्यायचं पाणी कशाला? पुरेसं झालंय त्याला," मी म्हटलं. "एसटीत उन्हाचं तुम्हालाच लागेल की."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मला सवय हाय गं," ती म्हणाली. "त्याला न्हाई."